जुनी रेसिंग मोटरसायकल विकत घेताना : नवख्या संग्राहकासाठी

मँक्स नॉर्टन, मॅचलेस जी-५० किंवा व्हिन्सेंट ब्लॅक लायटनिंग विक्रीला आली की जाहिरातीत दोन गोष्टी हमखास असतात : चकाकणारे फोटो आणि ‘दुर्मीळ’ हा शब्द. दोन्हींवरून गाडीबद्दल फारसं काही कळत नाही. पहिल्यांदाच अशी गाडी घ्यायचा विचार करत असाल, तर बोली लावण्याआधी काय काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी इंजिन ऐकतात, मग कागद मागतात. माझ्या मते हे उलट व्हायला हवं.

रस्त्यावर चालणारी जुनी गाडी जितकी कमी बदललेली, तितकी मोलाची. रेसच्या गाडीला हा नियम लागू होत नाही. जी खरोखर धावली, ती पडली, तिचं इंजिन फुटलं, हंगामाच्या मध्यावर तिला दुसरा गिअरबॉक्स लागला, पुढच्या वर्षी नवा ब्रेक आला. म्हणून ‘सगळे भाग मूळचे आहेत का?’ या प्रश्नातून काही निष्पन्न होत नाही. कोणता भाग कधी बदलला, कोणी बदलला आणि त्याचा पुरावा काय, हे विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाची उत्तरं शोधण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : गाडी कोणत्या प्रकारात मोडते?

बाजारात येणाऱ्या जुन्या रेसिंग गाड्यांचे ढोबळ चार प्रकार करता येतात, आणि प्रकारानुसार किंमत कितीतरी पट बदलते.

पहिला प्रकार वर्क्स गाड्यांचा, म्हणजे कारखान्याने स्वतःच्या संघासाठी बांधलेल्या. होंडाची सहा सिलिंडरची २५० सीसी आरसी-१६६ घ्या. माइक हेलवूडने १९६६ आणि १९६७ ची जागतिक विजेतेपदं तिच्यावर मिळवली. अशा गाड्या विक्रीसाठी बनलेल्याच नव्हत्या. हंगाम संपला की कारखाने त्या परत घेत, सुट्या करत किंवा मोडीत काढत. त्यामुळे कोणी ‘वर्क्स’ म्हणून गाडी पुढे केली, तर ती कारखान्याबाहेर कशी पडली याची गोष्ट कागदांसकट हवी.

दुसरा प्रकार विक्रीसाठी बनवलेल्या रेसर गाड्यांचा. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, असं मला ठामपणे वाटतं. ३४८ सीसीची एजेएस ७आर १९४८ मध्ये आली. तिचीच मोठी बहीण म्हणजे ४९६ सीसीची मॅचलेस जी-५०. मँक्स नॉर्टन ३५० आणि ५०० सीसीत मिळायची. वेलोसेट केटीटी, होंडाची छोटी सीआर-९३, यामाहाच्या टीडी आणि नंतरच्या टीझेड या सगळ्या पैसे मोजून कोणालाही घेता येत होत्या. त्या बऱ्यापैकी संख्येने बनल्या, त्यांच्या नोंदी आहेत, जाणकार आहेत आणि सुटे भागही मिळतात.

तिसरा प्रकार ‘स्पेशल’चा : एकाची फ्रेम, दुसऱ्याचं इंजिन. यात कमीपणा काही नाही. कॉलिन सीली यांनी १९६६ मध्ये एजेएस आणि मॅचलेस बनवणाऱ्या एएमसी कंपनीचा रेसिंग विभाग विकत घेतला आणि आपल्या फ्रेममध्ये जी-५० चं इंजिन बसवून विकलं. त्या सीली गाड्यांना आज स्वतःचा मान आहे. चौथा प्रकार आधुनिक प्रतिकृतीचा. आजही नव्या कोऱ्या मँक्स आणि जी-५० बनतात, आणि जुन्यांपेक्षा भक्कम असतात. ट्रॅकवर पळवायची हौस असेल तर प्रतिकृती उत्तम. मात्र ती जुन्याच्या भावात विकली जात असेल तर ती फसवणूक झाली.

दुसरी पायरी : नंबर वाचा

‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे इंजिन आणि फ्रेम पहिल्यापासून एकाच गाडीचे असल्याचं नंबरांवरून दिसणं, हा शब्द सतत ऐकू येईल. रस्त्याच्या गाड्यांच्या जगातून आलेला हा निकष रेसच्या गाडीला जसाच्या तसा लावू नका. मँक्सचंच उदाहरण बघा. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये ५०० सीसी फॉर्म्युला थ्री मोटारींच्या शर्यती जोरात होत्या आणि कूपरसारख्या छोट्या मोटारींना मँक्सचं इंजिन सर्वात चांगलं मानलं जाई. नॉर्टन सुटं इंजिन विकायला राजी नसे. मग मोटारवाले अख्खी मोटरसायकल विकत घेत, इंजिन काढून मोटारीत बसवत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. त्या सांगाड्यांमध्ये कोणीतरी ट्रायम्फची इंजिनं बसवली आणि ‘ट्रायटन’ नावाचा प्रकार जन्माला आला. म्हणजे अनेक मँक्स फ्रेम आणि इंजिनं पहिल्याच वर्षी एकमेकांपासून दुरावली. आज एखाद्या मँक्सचं इंजिन आणि फ्रेम वेगवेगळ्या वर्षांची निघाली, तर लगेच संशय घेऊ नका. पण विक्रेता म्हणत असेल की दोन्ही पहिल्यापासून सोबत आहेत, तर कारखान्याच्या रजिस्टरात ते दिसलं पाहिजे.

प्रत्येक कंपनीची नंबर टाकण्याची पद्धत वेगळी होती, ती आधी शिकून घ्या. बीएसए गोल्ड स्टारच्या शेवटच्या ५०० सीसी मॉडेलचं इंजिन ‘डीबीडी ३४’ ने सुरू होतं, तर फ्रेम ‘सीबी ३२’ ने. ते जुळत नाहीत आणि जुळायचेही नव्हते. कोणतं इंजिन कोणत्या फ्रेमसोबत बाहेर पडलं, ते फक्त रजिस्टर सांगतं. १९४६ नंतरच्या व्हिन्सेंटच्या ९९८ सीसी व्ही-ट्विन इंजिनांवर ‘एफ१०एबी’ नंतर ‘१’ असेल तर रॅपिड, ‘१बी’ असेल तर ब्लॅक शॅडो, ‘१सी’ असेल तर ब्लॅक लायटनिंग. एका अक्षराने किंमत किती बदलते हे लक्षात घेतलं, की ते अक्षर खोटं ठोकण्याचा मोह कोणाला का होतो हेही कळतं.

म्हणून ठसा हाताने तपासा. भिंग आणि टॉर्च जवळ ठेवा. कारखान्यात अंक एकेका पंचने हातोडीने ठोकत, त्यामुळे ओळ थोडी वाकडी आणि खोली कमी-जास्त असणं स्वाभाविक आहे. पण अंकांचं वळण त्या कंपनीच्या त्या काळातल्या इतर गाड्यांशी जुळलं पाहिजे. अंकाभोवतीची जागा आजूबाजूच्या ओतकामापेक्षा गुळगुळीत किंवा किंचित खोलगट असेल, तर जुना नंबर कानशीने घासला गेला असण्याची शक्यता आहे. ठशावर जाड रंग असेल तर तो काढून दाखवायला सांगा. विक्रेता तयार नसेल तर तिथेच थांबा.

क्रँककेसचे, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यात बसतो त्या इंजिनाच्या खालच्या कवचाचे, दोन अर्धे भाग कारखान्यात जोडीने मशिन केलेले असतात. व्हिन्सेंटच्या दोन्ही अर्ध्यांवर खालच्या बाजूला एकच जोडी-नंबर ठोकलेला असतो. हे दोन आकडे वेगळे निघाले, तर एक अर्धा दुसऱ्या इंजिनातून आला आहे.

नंबरांसोबत वर्षही ताडून बघा. विक्रीच्या मँक्सला रेक्स मॅककँडलेस यांनी आखलेली फेदरबेड फ्रेम १९५१ पासून मिळाली. त्याआधीच्या फ्रेमला ‘गार्डन गेट’ म्हणत. ५०० च्या इंजिनाचा बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) १९५३ पर्यंत ७९.६ × १०० मिमी होता, १९५४ पासून तो ८६ × ८५.६ मिमी झाला. गाडी १९५२ ची म्हणून विकली जातेय आणि बोअर ८६ मिमी भरतोय, तर आतलं इंजिन नंतरचं आहे. कदाचित १९५५ च्या हंगामासाठी कोणी मुद्दाम सुधारणा केली असेल. तसं असेल तर त्याचं बिल किंवा पत्र कुठे आहे, ते विचारा.

तिसरी पायरी : इतिहास शोधा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत नशीब चांगलं आहे, कारण कारखाने बंद पडले तरी अनेक रजिस्टरं वाचली. व्हिंटेज मोटर सायकल क्लब आणि त्या त्या मेकचे ओनर्स क्लब ती सांभाळतात, आणि इंजिन-फ्रेम नंबर कळवल्यास गाडी कधी व कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली हे शोधून देतात. बोली लावण्याआधीच हे पत्र मागवा. कॅटलॉगमध्ये ‘नोंदीनुसार’ असं लिहिलेलं असेल, तरी ती नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

रजिस्टर फक्त सुरुवात सांगतं. पुढची साखळी जोडायला जुने फोटो, शर्यतींचे कार्यक्रमपत्र, बिलं आणि पत्रं लागतात. इथे एक सापळा आहे, आणि अनुभवी माणसंही त्यात अडकतात. आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी किंवा मँक्स ग्रांप्री या शर्यतींचे जुने निकाल शोधता येतात. त्यात स्वाराचं नाव, गाडीचा मेक, स्पर्धकाचा क्रमांक सापडतो. फ्रेम नंबर सापडत नाही. म्हणजे अमुक स्वार १९५८ साली नॉर्टनवर धावला हे सिद्ध झालं, तरी तो या नॉर्टनवर धावला हे सिद्ध होत नाही. मधला दुवा जोडणारा कागद वेगळा हवा : नंबर लिहिलेली विक्रीची पावती, सीमेवर दाखवायचं कार्ने, विम्याचं पत्र. युरोपभर शर्यतींसाठी फिरणाऱ्या खासगी स्वारांना गाडी एका देशातून दुसऱ्यात न्यायला कार्ने लागायचं आणि त्यावर इंजिन-फ्रेमचे नंबर असायचे. असा एक पिवळा पडलेला कागद मला दहा चांदीच्या कपांपेक्षा मोलाचा वाटतो.

फोटोही नीट वाचायचे असतात. पाठीमागे लिहिलेलं नाव आणि तारीख नंतर कोणीही लिहू शकतं. फोटोत टाकीच्या झाकणाची जागा बघा, एक्झॉस्टचा ब्रॅकेट कुठे जोडलाय, सीटच्या मागचा कुबड कसा आहे, फ्रेमवर एखादा जास्तीचा वेल्ड दिसतोय का. मग समोरच्या गाडीवर तेच शोधा. टाकी आणि फेअरिंग (वारा कापणारं पुढचं कवच) सहज बदलले जातात, पण घाईघाईत केलेला, जरा वेडावाकडा दुरुस्तीचा वेल्ड वर्षानुवर्षं फ्रेमवर राहतो, आणि नकली गाडी बनवणाऱ्याला तो क्वचितच आठवतो.

इतिहासात मोकळी वर्षं असतीलच. एखादं दशक गाडी गोदामात पडून होती, असं प्रामाणिकपणे सांगणारा विक्रेता मला जास्त विश्वासार्ह वाटतो. नॉर्टन कारखान्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मँक्स बनवणं थांबवलं, तरी खासगी स्वार पुढे कित्येक वर्षं त्याच गाड्या दुरुस्त करत धावत राहिले. गॉडफ्रे नॅशने १९६९ मध्ये युगोस्लाव्हियातल्या ओपातिया इथे मँक्सवरच ५०० सीसी ग्रांप्री जिंकली. त्या वर्षांमध्ये या गाड्या ‘संग्राह्य’ नव्हत्या. त्या रोजच्या कामाच्या गाड्या होत्या आणि कोणी कागद जपत नव्हतं.

इतिहासाची किंमत किती, हे एका उदाहरणावरून दिसतं. जॅक एहरेट यांची १९५१ ची व्हिन्सेंट ब्लॅक लायटनिंग जानेवारी २०१८ मध्ये लास व्हेगसच्या बोनहॅम्स लिलावात ९,२९,००० डॉलरला गेली. तोवर कोणत्याही मोटरसायकलला लिलावात एवढी किंमत मिळाली नव्हती. त्याच गाडीवर एहरेट यांनी १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात ताशी १४१.५ मैलांचा वेगविक्रम केला होता. गाडी, स्वार आणि विक्रम यांना जोडणारी साखळी पक्की होती, आणि तिच्यावर नव्या रंगाचा साज चढवलेला नव्हता.

चौथी पायरी : धातू

आता गाडीला हात लावा. मँक्स, ७आर, जी-५० यांच्या इंजिनांचे बरेच भाग मॅग्नेशियम मिश्रधातूचे आहेत. वजन वाचावं म्हणून तो वापरला गेला, पण त्याचा शत्रू ओलावा आहे. ७आर आणि जी-५० च्या इंजिनावरचा प्रसिद्ध सोनेरी रंगही मुळात धातूला गंजापासून वाचवण्यासाठी दिलेला होता. रंगाखाली फुगवटे किंवा करडी-पांढरी पावडर दिसली, तर आत धातू खाल्ला जातोय. बेअरिंग बसण्याच्या जागा, इंजिन माउंटिंगचे कान आणि खालचा ड्रेन प्लग यांच्याभोवती सर्वात आधी बघा. चाकांचे हबही मॅग्नेशियमचे असू शकतात. वेगात हब फुटला तर स्वार वाचणं कठीण. म्हणून गाडी पळवायची असेल तर हब, क्रँककेस आणि फ्रेमचे जोड यांची रंगद्रव्याने तडे शोधणारी चाचणी करून घ्या. त्यात द्रव पृष्ठभागावर लावतात, पुसतात, आणि तड्यात शिरलेला रंग नंतर उमटतो. खर्च गाडीच्या मानाने नगण्य आहे.

फ्रेम सरळ आहे का, हे दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का यावरून ताडता येतं. स्टीअरिंग हेडजवळच्या नळ्यांवर रंगात आडव्या सुरकुत्या दिसल्या, तर समोरून जोराचा आघात झालेला आहे. शक्यता एवढीच की दुरुस्ती चांगली झाली असेल, पण किंमत ठरवताना ती मोजा.

टायर पाहून गाडीबद्दल काही ठरवू नका, ते बदलायचेच आहेत. बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चार आकडेच नसतील तर टायर २००० पूर्वीचा आहे आणि फक्त उभ्या गाडीसाठी ठीक.

टू-स्ट्रोक टीझेडची बाब वेगळी. तिचा क्रँकशाफ्ट दाबून जोडलेला असतो आणि ठरावीक धावेनंतर तो पूर्ण उघडून बांधावा लागतो, पिस्टन तर त्याहून आधी. अशा गाडीसोबत शेवटचा क्रँक कधी बांधला याची वही नसेल, तर इंजिन उघडण्याचा खर्च धरूनच चाला.

पाचवी पायरी : इंजिन ऐकताना

विक्रेता म्हणेल, ‘चालू करून दाखवतो.’ आधी तेल विचारा. बरीच जुनी रेसिंग इंजिनं एरंडेल तेलावर आधारित तेलावर चालत. तो गोडसर जळका वास ज्याने एकदा घेतला, तो विसरत नाही. पण हे तेल उभ्या इंजिनात चिकट लाख होऊन बसतं, आणि खनिज तेलात मिसळत नाही. वर्षानुवर्षं उभी गाडी थेट चालू केली, तर कोरडं इंजिन जाम होऊ शकतं. तेलाची टाकी, नळ्या आणि पंप साफ झाल्याशिवाय कोणालाही किक किंवा धक्का मारू देऊ नका, मग विक्रेत्याला कितीही घाई असो.

इंजिन चालू झालं, तर गरम होऊ द्या, बंद करा आणि लगेच पुन्हा चालू करायला सांगा. जुन्या मॅग्नेटोचा, म्हणजे ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्राचा, कंडेन्सर कधी कधी थंड असताना नीट चालतो आणि गरम झाला की ठिणगी सोडत नाही. ही एक चाचणी बरंच काही सांगते. मँक्सच्या सिलिंडर हेडवर व्हॉल्व्हच्या हेअरपिन स्प्रिंग उघड्यावर असतात, त्यामुळे वरचा भाग तेलकट असणं दोष नाही. खालच्या आरपीएमला मेगाफोन (टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या) एक्झॉस्टसोबत इंजिन अडखळणं हेही दोष नाही, ते तसंच बनलंय. खालून येणारा जड ठोका मात्र मोठ्या खर्चाची खूण.

सहावी पायरी : पैसे

हातोडा पडला तो आकडा शेवटचा नसतो. त्यावर लिलावघराचं खरेदीदार कमिशन, कमिशनवरचा कर, गाडी परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क, लाकडी खोका, वाहतूक आणि विमा येतो. बोलीची कमाल मर्यादा हे सगळं वजा करून, आधी कागदावर लिहून ठरवा. सभागृहात ठरवू नका.

कॅटलॉगची भाषा सावकाश वाचा. ‘असं मानलं जातं’, ‘त्या काळच्या धाटणीत बांधलेली’, ‘एक्स-अमुक स्वार’ यातला प्रत्येक शब्द जपून निवडलेला असतो. पहिल्याचा अर्थ पुरावा नाही, दुसऱ्याचा अर्थ ती स्पेशल किंवा प्रतिकृती आहे. तिसऱ्याचा अर्थ ती कधीकाळी त्या स्वाराकडे होती; तेव्हा विचारा : किती काळ, कोणत्या शर्यतीत? एका सराव फेरीपुरती बसलेली नावंही ‘एक्स’ म्हणून छापली जातात.

रेसच्या गाडीला बहुधा रस्त्याची नोंदणीच नसते, त्यामुळे मालकी विक्रीच्या पावतीवर ठरते. ब्रिटनचं व्ही-५सी नोंदणीपत्र असलं, तरी ते गाडी कोणाच्या ताब्यात आहे ते सांगतं, मालक कोण हे नाही. आधीच्या मालकापर्यंतच्या पावत्यांची साखळी मागा आणि गाडी चोरीच्या यादीत नाही ना, हे तपासा.

सातवी पायरी : घरी आल्यावर

पहिले काही महिने काहीच करू नका. रंग नवा करू नका, पितळ चमकवू नका, खरवडलेली टाकी ठोकून सरळ करू नका. रेसच्या गाडीवरचे ओरखडे हेच तिचे कागद आहेत आणि ते पुसले की परत मिळत नाहीत. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक नंबर वहीत उतरवा, कोणता भाग कोणत्या काळातला वाटतो ते लिहा आणि एखाद्या जाणकाराकडून त्या नोंदी तपासून घ्या.

गाडी पळवायची असेल, तर मूळ क्रँककेस काढून कोरड्या जागी ठेवायचे आणि आधुनिक, मजबूत क्रँककेसवर इंजिन बांधायचं, ही पद्धत रूढ आहे आणि मला ती पटते. मूळ ओतकाम एकदा फुटलं की गेलं. फक्त हा बदल वहीत तारखेसकट लिहा, बिलं जोडा आणि पुढे कधी गाडी विकलीत तर मूळ क्रँककेस तिच्यासोबतच द्या. नव्या क्रँककेसवर जुना नंबर ठोकू नका. नवा क्रँककेस बिननंबरी ठेवा, किंवा ज्याने तो बनवला त्याचाच नंबर राहू द्या.